अहवाल न लिहिणारी ताई : पुण्यातल्या एका अल्पवयीन आईचं प्रकरण

बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आणि लैंगिक अपराधांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम २३, दोन्ही मुलीची ओळख उघड करायला मनाई करतात. म्हणून नाव, गाव, वस्ती आणि नात्यागोत्याचे काही तपशील बदलले आहेत. मुलीला इथे सरू म्हटलंय. मुलींना मार्गदर्शक ताई जोडून देणाऱ्या आमच्या संस्थेनं हाताळलेलं हे प्रकरण. घटनांचा क्रम आणि प्रत्येक वळणावर काय ठरलं, ते मात्र जसं घडलं तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

सरूचे आई-वडील मराठवाड्यातून वाघोलीकडच्या बांधकामांवर कामाला आलेले. सरू गावीच, आजीजवळ राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत शिकली. आजी गेली आणि तिची रवानगी लेबर कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत झाली. वयात आलेली पोरगी दिवसभर कॅम्पात एकटी कशी ठेवायची, हा आईचा घोर. पंधराव्या वर्षी गावी नेऊन नात्यातल्याच मुलाशी तिचं लग्न लावलं. मुलगा वीस-एकवीसचा, चाकणला कंत्राटी कामगार.

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात सासू तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेली. आधार कार्डावर वय एकोणीस होतं. नाव लिहिता लिहिता नर्सनं सहज विचारलं, ‘पहिलटकरीण ना गं? वय किती?’ सरूनं तितक्याच सहज सांगितलं, ‘सोळा झाली की.’

तिथून पुढचं कुणाच्याच हातात नव्हतं. अल्पवयीन मुलगी गरोदर आहे हे कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच पॉक्सोखाली गुन्हा आहे; कलम १९ त्यात डॉक्टरांना सूट देत नाही. लग्न झालेलं असलं तरी फरक पडत नाही. अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली स्पष्ट केलं आहे. वय ठरवताना बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार शाळेच्या दाखल्याला पहिला मान असतो. गावच्या शाळेतून दाखला आला : सोळा वर्षं, दोन महिने. आधारवरची तारीख लग्नासाठीच ‘दुरुस्त’ करून घेतलेली होती.

नवऱ्याला अटक झाली. आई-वडिलांची नावं बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गुन्ह्यात आली. सरूला बाल कल्याण समितीपुढे हजर करून बालगृहात ठेवलं. तिच्या दृष्टीनं झालं ते एवढंच : ती सोनोग्राफीला गेली आणि तिचं घर मोडलं.

अडचण नेमकी कुठे होती

कागदावर अडचण एकच दिसत होती. बालगृह सहा ते अठरा वयाच्या मुलांसाठी, शिशुगृह शून्य ते सहासाठी. आई सोळाची आणि बाळ आठ दिवसांचं असेल तर दोघांना एका छपराखाली ठेवणारी जागा नोंदणीच्या कुठल्या रकान्यात बसते? नियमाचा सरळ अर्थ लावला तर प्रसूतीनंतर आई एका संस्थेत आणि बाळ दुसऱ्या.

आमच्या लेखी मोठी अडचण वेगळी होती. बालगृहात आल्यापासून सरूला विचारणारी माणसं मोजायला गेलं तर अधीक्षक, समुपदेशक, तपास अधिकारी, पॉक्सो नियमांनुसार नेमलेली सहायक व्यक्ती (तपास आणि खटल्यात मुलीला साथ देणारी), वकील, डॉक्टर आणि समितीचे सदस्य. प्रत्येकाचं विचारणं रास्त होतं. प्रत्येकाच्या हातात फाइलही होती. एका सत्रात ती समुपदेशकाला म्हणाली, ‘वाटतं कुठंतरी निघून जावं.’ पुढच्या बैठकीत समितीतून प्रश्न आला, ‘पळून जायचा विचार आहे का तुझा?’ त्या दिवसापासून सरूची उत्तरं दोन शब्दांवर आली : ‘काय नाय.’ जेवलीस का? काय नाय. दुखतंय का? काय नाय. बाळ हलतंय का? त्यालाही तेच.

सातव्या महिन्यातल्या मुलीनं असं तोंड मिटून घेणं हा नुसता मनाचा प्रश्न राहत नाही. तिच्या पायाला सूज होती आणि ती कुणालाच सांगत नव्हती. नियमित तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा ते समजलं.

समोर असलेले पर्याय

गर्भपाताचा विषय डॉक्टरांनी एका वाक्यात संपवला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी मुदत चोवीस आठवड्यांची आहे आणि ती केव्हाच उलटली होती. शिवाय सरूला बाळ हवं होतं.

बाळ समितीकडे सुपूर्द करून दत्तकासाठी मोकळं करणं, हा कायदेशीर मार्ग होता. त्यात बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३५ नुसार विचार बदलायला साठ दिवस मिळतात. बैठकीत तो सुचवला गेला. सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलीचं आयुष्य मार्गी लागावं, एवढाच होता. आमचं म्हणणं असं होतं की ही माहिती तिला एकदा, स्वच्छ शब्दांत, समुपदेशकानं द्यावी आणि मग विषय तिच्यावर सोडावा. तिला ती दिली गेली. ती म्हणाली, ‘माझं लेकरू मी कुणाला देत नाय.’ त्यानंतर कुणी तो विषय काढायचा नाही, असं ठरलं आणि बव्हंशी पाळलंही गेलं.

आई-वडिलांकडे परत पाठवलं असतं तर ती महिन्याभरात सासरी गेली असती, यात कुणालाच शंका नव्हती.

राहिला पर्याय प्रतिपालकत्वाचा, म्हणजे दुसऱ्या कुटुंबानं मूल काही काळ सांभाळण्याचा. पण त्याच्या मार्गदर्शक सूचना सहा वर्षांवरची मुलं डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत. सोळाची मुलगी त्यात बसते, तिचं तान्हं बाळ बसत नाही. इथे सरूची मावशी उपयोगी पडली. हडपसरच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर, नवरा रिक्षा चालवणारा, मुलगा बारावीला. मावशी लग्नाला गेली नव्हती. लग्नावरून तिचं बहिणीशी वाजलं होतं. कायद्यात ‘योग्य व्यक्ती’ अशी तरतूद आहे. समिती तपासणी करून एखाद्या व्यक्तीला काही काळासाठी मूल सांभाळायला मान्यता देऊ शकते. गृहभेट झाली, पोलीस पडताळणी झाली. प्रसूतीनंतर काही आठवडे मायलेकरांना एकाच आवारात ठेवायला समितीनं परवानगी दिली आणि मग दोघांना मावशीच्या ताब्यात देण्याचा आदेश निघाला. बाल संगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळावेत म्हणून अर्जही केला. पैसे उशिरा सुरू झाले. रिक्षावाल्याच्या घरात दोन माणसं वाढल्यावर त्या उशिराचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

मावशीनं होकार देताना एक अट घातली : ‘लेकराचं मी बघते. पण हिचं बोलणं तुम्ही बघा. माझ्याशी ती बोलत नाय, भिंतीशी बोलल्यागत आहे.’

ताई कोण असावी

आमच्या संस्थेत मुलींसाठी मार्गदर्शक ताई जोडून देण्याचं काम चालतं. आठवड्यातून एकदा भेट, किमान वर्षभर, स्वयंसेवी. सरूसाठी तीन नावं समोर होती. एक हिंजवडीच्या कंपनीतली मनुष्यबळ अधिकारी. प्रशिक्षणात सगळ्यांत हुशार, मनानं चांगली, पण हिंजवडी ते हडपसर म्हणजे शहराची दोन टोकं. दुसरी बालगृहातच वाढून बाहेर पडलेली, नर्सिंग शिकणारी तेवीस वर्षांची मुलगी. तिसरी धनकवडीत घरगुती मेस चालवणारी, चाळिशीची बाई. स्वतःचं लग्न सतराव्या वर्षी झालेलं, माहेर बीडकडचं, शिक्षण नववी.

आमच्यात यावर वाद झाला. नर्सिंगच्या मुलीच्या बाजूनं मत जास्त होतं, कारण तिनं संस्थेतलं जगणं भोगलेलं होतं. पण तिची परीक्षा तोंडावर होती आणि तिला स्वतःलाच बाळंतिणीची धास्ती होती, हे तिनं मोकळेपणानं सांगितलं. मेसवाल्या ताईंबद्दल आक्षेप वेगळा होता : स्वतःचा बालविवाह झालेली बाई या मुलीला ‘होतं असं, सगळ्यांचंच होतं’ म्हणून गप्प तर नाही ना करणार? हा आक्षेप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘माझ्या लेकीचं मी वीस पुरी झाल्याशिवाय केलं नाही. यावर अजून काही बोलायचं आहे का?’

निवड त्यांची झाली. पुण्यात बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, तीच त्यांची मोकळी वेळ. भाषेचा हिशेब आम्ही धरलाच नव्हता, पण सर्वांत आधी कामी आली ती भाषा. पहिल्या भेटीत ताईंनी डब्यातून आळिवाची खीर नेली आणि म्हणाल्या, ‘खाऊन घे, नायतर दूध कुठनं यायचं?’ बाकी आम्ही सगळे तिच्याशी शाळेच्या पुस्तकातलं बोलत होतो.

पहिले काही रविवार बाळाच्या अंघोळीतच गेले. मावशी पाय लांब करून पाटावर बसायची, बाळ पायांवर आडवं घ्यायची आणि सराईत हातानं तेल लावून, पाणी घालून, पुसून, दुपट्यात गुंडाळून द्यायची. सरू दारातून बघायची. बाळाच्या मानेला हात लावायची तिला भीती वाटायची, आणि मावशीच्या हातात काम इतकं पटकन व्हायचं की शिकायला वावच नव्हता. ताईंनी मावशीला बाजाराची पिशवी देऊन बाहेर पाठवलं आणि सरूला पाटावर बसवलं. स्वतः हात लावला नाही. ‘कान दाब. आता पालथं कर. रडू दे, पाण्याला रडतंय, तुला नाय.’ अर्धी बादली पाणी सरूच्या अंगावर गेलं.

गुटीवरून थोडी ओढाताण झाली. मावशी सहाणेवर वेखंड-जायफळ उगाळून बाळाला चाटवायची. डॉक्टर सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका म्हणत होते. ताईंनी या वादात पडायचं नाही, असं आम्ही ठरवलं. मार्गदर्शक ताई आणि सांभाळणारी बाई यांच्यात चूल कुणाची यावरून तेढ आली की मुलगी मधल्या मध्ये चेपते. ते काम आशाताईंवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या आशा कार्यकर्तीवर सोपवलं. त्यांनी लसीकरणाच्या दिवशी मावशीला बाजूला घेऊन समजावलं. सहाण लगेच काही माळ्यावर गेली नाही.

अहवाल कुणी लिहायचा

तिसऱ्या महिन्यात समितीकडून विचारणा आली. बाळाच्या संगोपनाबाबत आई किती सक्षम आहे, यावर मार्गदर्शक ताईंचाही अहवाल जोडावा. मागणी स्वाभाविक होती. मुलीच्या सर्वांत जवळ त्याच होत्या.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय इथे झाला. अहवाल दिला असता तर तो चांगलाच झाला असता, सरूच्या बाजूचा. मोह त्याचाच होता. पण मग फाइल धरलेल्या माणसांत आणखी एकीची भर पडली असती आणि सरूला ते कळायला वेळ लागला नसता. आम्ही समितीला लेखी कळवलं की मूल्यमापनाचा अहवाल संस्थेची प्रकरण कार्यकर्ती स्वतःच्या गृहभेटींवरून देईल. ताईंच्या भेटींची फक्त तारीख आणि वेळ नोंदवली जाते, बोलणं नोंदवलं जात नाही. सोबत अपवादही लिहून दिले : बाळाच्या किंवा मुलीच्या जिवाला धोका, स्वतःला इजा करण्याचा विचार, आणि नवा लैंगिक अपराध. या तीन गोष्टी कळल्या तर ताई त्याच दिवशी आम्हाला सांगतील. समितीच्या एका सदस्यांना हे पटलं नाही, आणि त्यांची शंका बिनबुडाची नव्हती. सगळ्यांत जास्त माहिती असलेल्या माणसाला गप्प ठेवणं बाळाच्या हिताचं कसं, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी अपवादांची यादी बघून समितीनं ते मान्य केलं.

हेच तीन अपवाद ताईंनी सरूला पहिल्याच भेटीत सांगितले होते. प्रशिक्षणात आम्ही एक वाक्य घोकून घेतो : ‘थांब, पुढचं सांगितलंस तर मला ते पुढे सांगावं लागेल. आता सांगायचं का नाही ते तू ठरव.’ हे वाक्य गुपित सांगून झाल्यावर उपयोगाचं नसतं, आधी म्हणावं लागतं.

जामीन झाल्यानंतर

बाळ पाच महिन्यांचं असताना नवऱ्याला जामीन मिळाला. पीडितेशी संपर्क ठेवायचा नाही, अशी अट होती. आठवड्याभरात तो बसस्टॉपवर येऊन उभा राहिला. सरू बाळ घेऊन गेली, त्यानं बाळाला पाहिलं, पाचशेची नोट दिली आणि तो गेला. रविवारी तिनं हे ताईंना सांगायला सुरुवात केली, तेव्हा ताईंनी ते वाक्य म्हटलं. सरू थोडी थांबली आणि म्हणाली, ‘तसलं काय नाय. लेकरू बघायला आलते.’

आता हे तीन अपवादांपैकी कशात बसतं? अट त्याच्यावर होती, ती मोडली त्यानं. सरूनं गुन्हा केला नव्हता. पण तो पुन्हा येणार, भेटी वाढणार आणि सतराव्या वर्षी दुसऱ्यांदा दिवस जाणार, ही भीती खरी होती. ताईंनी नाव-तपशील न घेता आम्हाला फोन करून विचारलं : ‘एखादीनं असं सांगितलं तर काय करायचं असतं?’ एखादी कोण, हे आम्हाला कळलंच.

तपास अधिकाऱ्यांना थेट कळवलं तर जामीन रद्द होण्याची शक्यता, आणि सरू पुन्हा ‘काय नाय’वर जाणार हे नक्की. गप्प राहिलं तर पुढे काही झाल्यावर जबाबदारी आमची. आम्ही निवडलं ते असं : सरूनं हे स्वतः तिच्या सहायक व्यक्तीला सांगावं, ताई शेजारी बसतील, आणि त्यासाठी पुढच्या रविवारपर्यंत वाट बघायची, त्याहून जास्त नाही. हे जोखमीचं होतं. त्या आठवड्यात मी मावशीकडे दोनदा जाऊन आले. बसस्टॉपचा विषय काढला नाही, पण घरात कोण येतं-जातं यावर डोळा ठेवला.

सरूनं सांगितलं. रडून, भांडून, ‘तुम्ही त्यांना परत आत टाकणार’ म्हणून. वकिलांनी तिला समजावलं की त्याला बाळ बघायचं असेल तर त्यानं न्यायालयात अर्ज करावा. बसस्टॉपवर आला तर नुकसान त्याचंच होईल. हा निरोप त्याच्या वकिलांमार्फत गेला. त्याचं येणं थांबलं. अर्ज झाला, निकाल मात्र रखडला.

त्याच सुमारास आरोग्य केंद्रात पाळणा लांबवण्याबद्दल माहिती घ्यायला सरू स्वतःहून तयार झाली. ताईंनी तिला आपली गोष्ट सांगितली होती : पहिलं मूल अठराव्या वर्षी, दुसरं एकोणिसाव्या, आणि त्यानंतर दोन वर्षं कंबर धरून चालणं.

कामाचा प्रश्न

बाळ वर्षाचं झालं. सरूला पैसे कमवायचे होते. मावशीच्या नवऱ्यासमोर साबणाला पैसे मागताना तिला लाज वाटायची. ताईंनी सहज म्हटलं, ‘माझ्याकडे ये पोळ्या लाटायला, सकाळी तीन तास.’

संस्थेचा नियम असा आहे की ताई आणि मुलगी यांच्यात पैशाचा व्यवहार नको. ज्या बाईला मन मोकळं करायचं तीच पगार देणारी झाली, तर मुलगी तिला ‘आज नाही जमत’ म्हणू शकत नाही. आम्ही नाही म्हटलं. सरू तीन रविवार ताईंशी धड बोलली नाही. ताईही नाराज होत्या. ‘तुमचा नियम पोट भरतो का?’ हा त्यांचा प्रश्न मला अजूनही अर्धा बरोबर वाटतो. तोडगा म्हणून मावशीच्या वस्तीतल्या बचत गटात पापड-कुरडयांचं हंगामी काम मिळवून दिलं. पैसे कमी, पण घराजवळ आणि बाळ नजरेसमोर. सोबत दहावीचा १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा फॉर्म भरून घेतला.

निष्पत्ती

सरूला अठरा पूर्ण झाली आणि समितीचा अधिकार संपला. ती मावशीकडेच राहिली. दहावीला गणित राहिलं, बाकीचे विषय निघाले. मराठीत बासष्ट मार्क पडले.

खटला चालू आहे. तिनं साक्षीत लग्न झाल्याचं आणि आपली तक्रार नसल्याचं सांगितलं. कायदा त्यावर काय ठरवेल ते ठरवेल. बालविवाह रद्द करून घ्यायचा असेल तर अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज करता येतो, हे वकिलांनी तिला समजावून दिलं आहे. लग्न रद्द झालं तरी बाळ कायद्यानं औरसच राहतं, हेही. तिनं अजून काही ठरवलेलं नाही. सासरहून दोनदा बोलावणं आलं. ‘आधी केसचं होऊ द्या, मग बोलू,’ असं तिनं स्वतः फोनवर सांगितलं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

ताई प्रसूतीनंतर जोडल्या गेल्या. सातव्या महिन्यातच, बालगृहात असतानाच जोडता आल्या असत्या, तर पायाची सूज आधी कळली असती, असं मला वाटतं. त्यासाठी बालगृहात येण्याची परवानगी आणि ताईंची पोलीस पडताळणी आधीच करून ठेवावी लागते. आता आम्ही पडताळणी झालेल्या दोन-तीन जणी कायम तयार ठेवतो.

मावशीसाठी कुणीच नव्हतं. सगळं लक्ष आई-बाळावर, आणि घर चालवणारी बाई मात्र संगोपनाचे पैसे कधी येणार हे विचारायला दर वेळी आमच्याच कार्यालयात रिक्षा करून यायची. सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी निदान पहिल्या सहा महिन्यांचा खर्च संस्थेनं आगाऊ धरायला हवा, अशी सूचना विश्वस्तांपुढे ठेवली आहे.

अठरानंतर काय, याचा आराखडा सतराव्या वाढदिवसालाच करायला घ्यावा. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतर संस्थेबाहेर पडणाऱ्यांना आधाराची सोय एकवीसपर्यंत आहे, पण आई-बाळ दोघांना घेणारी जागा शोधायला वर्ष कमी पडतं. सरूला मावशी होती म्हणून ते निभावलं.

पैशाच्या व्यवहाराचा नियम आम्ही ठेवला आहे, त्याला एक पुस्ती जोडून : नातं औपचारिकपणे संपवल्यावर तीन महिन्यांनी काम देता-घेता येईल. सरूच्या बाबतीत तसंच झालं. मार्गदर्शनाचा कालावधी संपल्याच्या कागदावर दोघींनी सही केली, आणि मधले तीन महिने सरल्यावर ती धनकवडीला जायला लागली. बाळ मावशीच्या शेजारच्या अंगणवाडीत. पगार ठरवताना तिनं महिन्याचा आकडा नको म्हटलं, किलोवर हिशेब मागितला, कारण तिचा हात ताईंपेक्षा जलद आहे. ताईंनी आधी कुरकुर केली, मग मान्य केलं.